उन्हाळ्यातील परसबाग

चैत्र सरून वैशाखाचे ऊन तापू लागले की परसबागेचा खरा कसोटीचा काळ सुरू होतो. गंगेच्या मैदानात लू वाहू लागते, दख्खनच्या पठारावर विहिरींचे पाणी खोल जाते आणि राजस्थानात तर सकाळचा वाराही कोरडा असतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात सर्वसाधारणपणे १ जूनच्या सुमारास पोहोचतो. देशाच्या वायव्य टोकापर्यंत जाण्यास त्याला जुलैचा पहिला आठवडा उजाडतो. तोपर्यंत बाग जगवावयाची असते, आणि तीही घरात पाण्याची सर्वांत अधिक चणचण असते अशा दिवसांत. म्हणूनच उन्हाळ्यातील बागकाम म्हणजे मुख्यतः पाण्याचा हिशेब होय.

पाणी जाते कोठे?

झाडास घातलेले पाणी झाडाच्या अंगी लागते, अशी आपली सामान्य समजूत असते. वस्तुतः मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी पानांवरील सूक्ष्म छिद्रांवाटे, म्हणजे पर्णरंध्रांवाटे, वाफेच्या रूपाने हवेत निघून जाते. या क्रियेस बाष्पोच्छ्वास म्हणतात. स्टीफन हेल्स या इंग्रज संशोधकाने सूर्यफुलाचे एक झाड कुंडीत लावून, मातीतील पाणी उडू नये म्हणून कुंडीच्या तोंडावर शिशाचे झाकण बसविले आणि कुंडी सकाळ-संध्याकाळ तोलून पाहिली. दिवसाच्या १२ तासांत ते झाड सरासरी १ पौंड ४ औंस, म्हणजे अर्ध्या किलोग्रॅमहून थोडे अधिक, पाणी बाहेर टाकीत असल्याचे त्यास आढळले. ही मोजमापे त्याने १७२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

हे पाणी वाया जाते असे मात्र नव्हे. वाफ होताना पाणी उष्णता शोषून घेते व त्यामुळे पान थंड राहते. शिवाय मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी व क्षार चढविणारी ओढही यातूनच उत्पन्न होते.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. कोरड्या प्रदेशात मे महिन्यात भाजीच्या भरगच्च वाफ्यातून दिवसाला सुमारे ७ मिलीमीटर पाणी उडते असे धरल्यास, चार चौरस मीटरांच्या वाफ्यास रोज २८ लिटर, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या पाणी लागेल. घरात एवढे पाणी नसेल, तर झाडांची संख्या कमी करणे अथवा मातीतून उडणारे पाणी वाचविणे, असे दोनच मार्ग उरतात.

दुपारची मरगळ

भर दुपारी भोपळ्याच्या वेलाने मान टाकलेली पाहून घरातील माणसे घाईने पाणी ओततात. परंतु ही मरगळ नेहमीच तहानेची खूण नसते. पानांतून पाणी जाण्याचा वेग मुळांच्या शोषणाच्या वेगाहून अधिक झाला की माती ओली असूनही पाने लोंबू लागतात. सूर्य कलल्यावर ती पुन्हा ताठ झाली, तर चिंतेचे कारण नाही. मात्र पहाटेही पाने तशीच लोंबत असतील, तर मातीतील ओल खरोखरच सरली आहे असे समजावे. शंका असल्यास मातीत दोन पेरांपर्यंत बोट घालून पाहावे. तेथे ओल लागल्यास त्या दिवशी पाणी देण्याचे कारण नाही. ओल्या मातीत वारंवार पाणी ओतल्याने मुळांची हवा कोंडते व ती कुजतात.

पाणी पहाटे अथवा सूर्यास्तानंतर द्यावे. दुपारी दिलेल्या पाण्याचा बराच भाग मुळांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच उडून जातो. पानांवरील थेंब भिंगाचे काम करून पाने जाळतात, हे यामागील कारण म्हणून सांगण्यात येते. परंतु २०१० साली हंगेरीतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गुळगुळीत पानांवर असे डाग पडले नाहीत. पानावरील लव थेंबास वर उचलून धरीत असेल, तरच तसे घडू शकते.

रोज वरवर शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर पाणी देणे हिताचे असते, कारण ओल खोल गेली म्हणजे मुळेही तिच्या मागोमाग खोल जातात. कुंडीतील माती थोडी असल्यामुळे तिला मात्र हा नियम लागू पडत नाही. लिंबाच्या झाडास दुहेरी आळे करून, बुंध्याशी मातीची भर ठेवून, बाहेरच्या आळ्यात पाणी सोडावे. पाणी पिणारी कोवळी मुळे तेथेच असतात, आणि बुंधा कोरडा राहिल्याने डिंक्या रोगाचे भयही कमी होते.

मातीचे पांघरूण

फाल्गुन-चैत्रात गळालेला पालापाचोळा जाळून टाकणे म्हणजे हातची संपत्ती गमावणे होय. तोच झाडांभोवती पाच ते आठ सेंटिमीटर जाडीने पसरावा. खोडास मात्र तो टेकू देऊ नये. त्याच्या सावलीत माती थंड राहते, वारा तिला स्पर्श करीत नाही आणि तणही कमी उगवते. पुढे कुजून त्याचेच खत होते.

विद्यार्थ्यांनी यासंबंधी एक सोपा प्रयोग करून पाहावा. दोन सारख्या डब्यांत सारखीच ओली माती भरावी व एका डब्यातील मातीवर सुका पाला पसरावा. दोन्ही डबे तोलून उन्हात ठेवावेत आणि आठवडाभर रोज त्यांच्या वजनाची नोंद करावी. आच्छादनाचे महत्त्व आकड्यांनीच सिद्ध होईल.

पुरलेले मडके

झिलई न केलेले मडके गळ्यापर्यंत मातीत पुरून, पाण्याने भरून झाकून ठेवले, तर त्याच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी हळूहळू झिरपत राहते. भोवतालची माती कोरडी असेल तेव्हा ते अधिक झिरपते व ओली असेल तेव्हा कमी. अशा रीतीने झाडाची मागणी आणि मडक्याचा पुरवठा यांचा मेळ आपोआप बसतो. ही युक्ती प्राचीन असून इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात ती वर्णिलेली आहे. भारतात कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७० नंतरच्या दशकात तिच्यावर प्रयोग झाले. एका मडक्याभोवती काकडीचे अथवा दोडक्याचे तीन-चार वेल सहज पोसले जातात.

तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी झाडांना चालते. कपडे धुतलेले पाणी मात्र वरचेवर देऊ नये. त्यातील क्षार मातीत साठत जातात.

फूल आणि फळ

उन्हाळ्यात वेलावर पुष्कळ फुले येऊनही फळ धरत नाही, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. भोपळावर्गीय वेलांवर नर व मादी फुले वेगवेगळी असतात. आरंभी बहुधा नर फुलेच येतात आणि कडक उष्म्यात त्यांचे प्रमाण वाढते. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते, त्यावरून ते ओळखावे. मधमाश्या फिरकत नसल्यास ताजे नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, दुधी भोपळ्याचे संध्याकाळी. त्या त्या वेळीच हे काम करावे. चार-पाच दिवसांत ते इवले फळ फुगू लागते, आणि घरातील मुले त्याकडे रोज धाव घेतात.

मोगऱ्यास हा ऋतु विशेष मानवतो. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या खुडून ओल्या फडक्यात ठेवाव्यात; रात्री त्या उमलून घर सुगंधाने भरून जाते.

कीड आणि स्वच्छता

कोरड्या हवेत पानांच्या मागील बाजूस लाल कोळी व पिठ्या ढेकूण वाढतात. पाने उलटून पाहण्याची सवय ठेवल्यास प्रादुर्भाव लवकर ध्यानात येतो, आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बरेच काम भागते. पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी व कुंड्यांखालील थाळ्या दर दोन-तीन दिवसांनी रित्या करून घासाव्यात, म्हणजे डासांना वाढण्यास अवसर मिळणार नाही.

पावसाची वाट पाहताना

वेलावरील एक उत्तम दुधी अथवा दोडका न तोडता पिकू द्यावा. तो वाळून हलविल्यावर खुळखुळू लागला म्हणजे बी तयार झाले. ते सावलीत सुकवून, कोरड्या बाटलीत घालून, वर नाव व तारीख लिहून ठेवावे. कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्याही याच सुमारास वेचाव्यात. त्यांच्या वाळलेल्या गरांची ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळल्यास, पावसाळ्यातील मावा व अळ्यांवर फवारण्याजोगा अर्क मिळतो.

पहिला पाऊस पडतो तेव्हा अशा बागेत झाडे जिवंत असतात, माती भुसभुशीत असते आणि पेरावयास घरचे बी तयार असते. उन्हाळाभर वाहिलेल्या त्या दोन बादल्यांचे मोल तेव्हा कळून येते.