हरताळाविना लेखन : डिस्क-स्नॅपशॉटची ओळख

हस्तलिखित पोथ्यांच्या काळी नकलकार चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देत व त्यावर दुरुस्ती लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आलेला आहे. लेपाखालचे मूळ अक्षर मात्र वाचकाला अंतरत असे. संगणकाच्या डिस्कवरही पुष्कळदा हेच घडते. नवी माहिती जुन्याच्याच जागी लिहिली जाते आणि जुनी नाहीशी होते. एका चुकीच्या आज्ञेने महाविद्यालयाची सारी गुणपत्रके वा ग्रंथालयाची संपूर्ण सूची पुसली जाऊ शकते. या संकटावरील एक उपाय म्हणजे ‘स्नॅपशॉट’ होय.

मोठ्या संस्थांत माहिती अनेक डिस्कांच्या एकत्रित संचात ठेवतात. या संचाला ‘स्टोरेज ॲरे’ म्हणतात. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली ‘रेड’ ही कल्पना मांडली. तिच्यामुळे एखादी डिस्क बिघडली तरी उरलेल्या डिस्कांच्या आधारे तिच्यातील माहिती पुन्हा उभी करता येते. परंतु माणसाने चुकून फाईल पुसली, तर ‘रेड’ ते पुसणेही तितक्याच निष्ठेने नोंदवते. तो यंत्राच्या बिघाडावरील उपाय आहे, माणसाच्या चुकीवरील नव्हे.

ही उणीव भरून काढणाऱ्या एका रचनेचे वर्णन नेटॲप कंपनीचे हिट्झ, लाऊ व माल्कम यांनी १९९४ साली प्रसिद्ध केले. तिचे नाव ‘वॉफल’. तीत माहिती ४ किलोबाइटच्या तुकड्यांत ठेवली जाते आणि बदललेला तुकडा जुन्या जागी न लिहिता मोकळ्या जागी लिहिला जातो. थोडक्यात, येथे हरताळ लावतच नाहीत. कोणता तुकडा कोठे आहे, हे एका मूळ सूचीवरून कळते. स्नॅपशॉट घेणे म्हणजे त्या क्षणीची मूळ सूची जपून ठेवणे. तिने दाखवलेले जुने तुकडे मग कोणी पुसू शकत नाही. म्हणूनच १००० गिगाबाइट माहितीचा स्नॅपशॉट काही क्षणांत होतो व आरंभी जवळजवळ जागाच घेत नाही. पुढे त्यातील १० गिगाबाइट बदलले, तर जुने सुमारे १० गिगाबाइट तेवढे अडून राहतात.

नेटॲपच्या ‘ऑनटॅप’ प्रणालीत ‘व्हॉल्यूम स्नॅपशॉट क्रिएट’ ही आज्ञा टंकून पुढे सर्व्हरचे, व्हॉल्यूमचे व नव्या स्नॅपशॉटचे नाव द्यावे लागते. शेवटी ‘क्रिएट’ऐवजी ‘शो’ लिहिल्यास यादी दिसते. ‘रिस्टोअर’ लिहिल्यास संपूर्ण व्हॉल्यूम मागे जातो, व मधल्या काळातील कामही जाते! एखादीच फाईल हवी असेल, तर ती स्नॅपशॉटमधून उचलून घेणे शहाणपणाचे. आज्ञा टंकण्याचा लाभ असा, की त्या एका फाईलीत लिहून ठेवल्या म्हणजे रोज रात्री ठरल्या वेळी संगणक आपणहून त्या पाळतो.

मात्र छायाचित्रकार जसा ‘हलू नका’ म्हणतो, तसे डेटाबेसलाही क्षणभर थांबवावे लागते. नाहीतर अर्धवट नोंदी स्नॅपशॉटमध्ये उतरतात.

स्नॅपशॉट घेतला म्हणजे सर्व सुरक्षित झाले, असा समज धोक्याचा आहे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने लोकांच्या फाईली कुलूपबंद केल्या, शिवाय विंडोजने त्याच संगणकावर ठेवलेल्या ‘शॅडो कॉपी’, म्हणजे एक प्रकारचे स्नॅपशॉटच, आज्ञा देऊन पुसून टाकण्याची तजवीजही त्यात होती. आज्ञेने जे निर्माण होते, ते आज्ञेनेच नष्टही होते. म्हणून स्नॅपशॉट पुसण्याचा अधिकार रोजच्या वापराच्या खात्याला देऊ नये. दुसरे असे, की स्नॅपशॉट मूळ माहितीच्याच डिस्कांवर राहतो. ॲरेला आग लागली, तर मूळ व स्नॅपशॉट दोन्ही जातात.

तेव्हा कालची चूक आज सुधारण्यासाठी स्नॅपशॉट अवश्य घ्यावा. पण एक संपूर्ण प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावी ठेवण्यास विसरू नये.