पावसाआधी एक हात, दसऱ्याआधी दुसरा : गाडीची चमक टिकवायची तर कोणतं वॅक्स, कधी आणि कसं?

सिल्वासा : पावसाळा सरला की नरोली रोड असो वा खानवेलची वाट, रस्त्याकडेच्या गाड्या बघितल्या तरी चार महिन्यांचा हिशेब कळतो. बॉनेटवर पाण्याचे पांढरे गोल डाग, दारांच्या खालच्या भागात लाल मातीचा थर आणि टपावर पक्ष्यांच्या विष्ठेने पडलेले फिके ठिपके. दादरा-नगर हवेलीत वर्षाला साधारण २०० ते २५० सेंटीमीटर पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पाऊस थांबला की औद्योगिक वसाहतींतल्या ट्रकांची धूळ, आणि मार्चपासून कडक ऊन. गाडीच्या रंगाला इथे सुट्टी नाही.

दसरा जवळ आला की ‘गाडीला वॅक्स मारून द्या’ म्हणणाऱ्यांची सर्व्हिस स्टेशनवर रांग लागते. पण वॅक्स म्हणजे नेमकं काय, ते पॉलिशपेक्षा वेगळं कसं, आणि दोनशे रुपयांच्या बाटलीपासून हजारोंच्या कोटिंगपर्यंत पैसे कशाचे जातात, हे फार थोड्यांना माहीत असतं. ज्याची गाडी भाड्याने दुधनी-खानवेलला पर्यटक नेते किंवा ज्याला दोन वर्षांनी ती विकायची आहे, त्याच्यासाठी हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. जुन्या गाडीचा भाव करणारा माणूस आधी रंगावरून नजर फिरवतो आणि मग बॉनेट उघडतो.

पॉलिश आणि वॅक्स : एक काढतं, दुसरं चढवतं

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर क्रमाने प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक ‘क्लिअर कोट’ असे थर असतात. चमक दिसते ती या वरच्या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी.

पॉलिशमध्ये अतिशय बारीक घासणारे कण असतात. ते क्लिअर कोटचा पातळ पापुद्रा घासून काढतात, त्यामुळे ओरखडे कमी होतात आणि पृष्ठभाग सपाट होऊन चमकतो. पण प्रत्येक वेळी थोडा कोट जातोच. दर दोन-तीन महिन्यांनी मशीनने ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणारा गाडीमालक आपल्याच गाडीचं भांडवल खातो आहे, असं समजायला हरकत नाही. भांडवल संपलं की टप आणि बॉनेटवरचा कोट पापुद्र्यासारखा सुटू लागतो. मग वॅक्स, पॉलिश, कोटिंग काहीच कामाचं नाही, तो भाग नव्याने रंगवावाच लागतो.

वॅक्सचं काम उलटं. ते वर एक पातळ थर चढवतं. पाणी, माती, विष्ठा आधी त्या थरावर बसते, क्लिअर कोटवर नाही. म्हणून नियम सोपा : पॉलिश गरजेपुरतं, वॅक्स नेमाने. ‘क्लीनर वॅक्स’ किंवा ‘पॉलिश अँड वॅक्स’ असं लिहिलेल्या डब्यात बहुधा दोन्ही असतं. अशी वस्तू जुन्या, निस्तेज रंगावर एकदा वापरायला ठीक, पण दर महिन्याला नको.

बाजारात मिळतं ते काय?

*कार्नौबा वॅक्स.* ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं हे मेण. नैसर्गिक मेणांत हे सगळ्यात कडक समजलं जातं आणि ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. डब्यात मात्र ते एकटं नसतं. लावता यावं म्हणून त्यात तेलं, द्रावक आणि इतर मेणं मिसळलेली असतात. गडद रंगावर, खास करून काळ्या आणि लाल गाडीवर, याची चमक उठून दिसते. पण ते टिकतं साधारण चार ते आठ आठवडे. जुलैच्या धारेत तर त्याहूनही कमी.

*सिंथेटिक सीलंट.* हे मेण नव्हे, कारखान्यात बनवलेलं पॉलिमर. चमक काचेसारखी, थोडी कोरडी वाटते, पण चार ते सहा महिने टिकतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर कार्नौबाची खोली तशीही फारशी दिसत नाही, तिथे सीलंटच परवडतं.

*स्प्रे वॅक्स.* धुतल्यावर फवारायचं आणि पुसायचं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. साधा स्प्रे दोन-तीन आठवडे चालतो, सिलिकायुक्त स्प्रे त्याहून जास्त. मुख्य वॅक्सच्या मधल्या काळात आधार म्हणून उत्तम.

*सिरॅमिक कोटिंग.* सिलिकावर आधारित हा थर क्लिअर कोटला घट्ट चिकटतो आणि नीट निगा राखली तर वर्ष ते तीन वर्षं, काही वेळा जास्तही टिकतो. जाहिरातीतला ‘९ एच’ हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतला आहे. त्याचा अर्थ गाडीवर दगडाचा ओरखडा पडणार नाही, असा होत नाही. कोटिंग केलं म्हणजे धुणं सुटलं, असंही नाही.

टर्टल वॅक्स, मेग्वायर्स, ३एम यांसारखी नावं आपल्याकडच्या दुकानांत दिसतात. मेग्वायर्सची सुरुवात १९०१ साली अमेरिकेत झाली ती लाकडी फर्निचरच्या पॉलिशपासून. त्या काळी वाहनांच्या बॉडीतही लाकूड असायचं, त्यामुळे तेच पॉलिश मोटारीकडे वळलं. पण नाव कोणतंही असो, डब्यावर तीन गोष्टी वाचाव्यात : आत घासणारे कण आहेत का, किती वेळ सुकू द्यायचं आणि कुठे लावायचं नाही.

डब्याची किंमत नको, वर्षाचा खर्च बघा

समजा, २०० ग्रॅम कार्नौबा पेस्टचा डबा ८०० रुपयांना मिळाला. एका मध्यम गाडीला एका वेळी १५ ते २० ग्रॅम पुरतं, म्हणजे डब्यात सुमारे १२ हात. एका हाताचे ६७ रुपये. दर दोन महिन्यांनी लावलं तर वर्षाला सहा हात, ४०० रुपये.

समजा, सीलंटची बाटली १,२०० रुपयांची आणि आठ हातांची. एका हाताचे १५० रुपये. चार महिन्यांनी एकदा धरलं तर वर्षाला तीन हात, ४५० रुपये.

दुकानात पाहिलं तर बाटली डब्याच्या दीडपट महाग. वर्षाच्या हिशेबात फरक पन्नास रुपयांचा. पण खरा खर्च वेळेचा आहे. एका हाताला धुण्यापासून पुसण्यापर्यंत तीन तास धरले तर कार्नौबाला वर्षाला १८ तास, सीलंटला नऊ. ज्याची टॅक्सी उभी राहिली की भाडं बुडतं, त्याने हे नऊ तास खर्चात मोडावेत. रविवारी गाडीशी खेळायला आवडतं त्याने ते करमणुकीत मोडावेत.

आता सिरॅमिक. समजा १८,००० रुपये दिले आणि तीन वर्षं टिकलं, तर वर्षाला ६,००० रुपये. गाडी नवी आहे, निदान तीन वर्षं ठेवायची आहे आणि हाताने नीट धुतली जाणार आहे, त्यालाच हे परवडतं. पुढच्या वर्षी विकायच्या जुन्या गाडीवर हा खर्च वसूल होणं कठीण.

कोटिंग करून घेताना पक्कं बिल आणि वॉरंटीच्या अटी लेखी घ्याव्यात. दर काही महिन्यांनी त्याच सेंटरवर तपासणी करून घेतली नाही तर वॉरंटी संपते, अशी अट अनेकदा असते. तलासरी किंवा डहाणूहून येणाऱ्याने ती फेरीही खर्चात धरावी. सिल्वासाच्या बिलावर एसजीएसटीऐवजी यूटीजीएसटी दिसला तर गोंधळू नये, या केंद्रशासित प्रदेशात तसाच असतो.

लावायचं कसं?

१. *जागा.* सावलीच हवी. पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. तापलेल्या बॉनेटवर वॅक्स लगेच वाळतं, डाग पडतात आणि पुसताना हात भरून येतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी.

२. *धुणं.* आधी नुसत्या पाण्याच्या धारेने माती सोडवायची. मग दोन बादल्या : एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कापड दुसऱ्या बादलीत खळाळून मगच पहिलीत बुडवायचं, म्हणजे माती परत गाडीवर जात नाही. टपापासून खाली यायचं. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको, जुनं वॅक्स त्याने निघून जातं.

३. *वाळवणं.* बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. गाडी उन्हात आपोआप वाळू दिली की पांढरे डाग तिथेच बसतात. मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्यावं.

४. *हात फिरवून बघणं.* हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून हलकेच फिरवावी. खरखर लागली तर धातूचे, डांबराचे, धुराचे कण रुतलेले आहेत. क्ले बार आणि त्यासोबतचं वंगण वापरून ते काढायचे. वंगणाशिवाय क्ले घासला तर ओरखडे पडतात. कारखान्यांच्या आणि हायवेच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाडीला वर्षातून एक-दोनदा हे लागतंच.

५. *वॅक्स.* फोमच्या पॅडवर सुपारीएवढं. एका वेळी एकच भाग : अर्धं बॉनेट, एक दार. थर इतका पातळ की जेमतेम दिसावा. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसायला त्रास होतो आणि डबा लवकर संपतो. काळ्या प्लास्टिकला आणि रबराला लागू देऊ नये, तिथे पांढरे डाग राहतात.

६. *पुसणं.* पाच ते पंधरा मिनिटांत धुरकट होतं. बोट ओढून बघायचं : खालचा भाग स्वच्छ चमकला तर तयार, फरफटलं तर अजून थांबा. सप्टेंबरच्या दमट हवेत जास्त वेळ लागतो. स्वच्छ, मऊ मायक्रोफायबरने पुसून कापडाची बाजू बदलत राहायची. खाली पडलेलं कापड पुन्हा गाडीला लावायचं नाही, एक खडा पुरे होतो.

मॅट रंगाच्या गाडीला साधं वॅक्स लावू नये, ठिकठिकाणी चकाकी येऊन ती विद्रूप दिसते. नव्याने रंगवलेल्या भागाला वॅक्स कधी लावायचं, हे रंगाऱ्याला विचारावं. साधारण एक ते तीन महिने थांबायला सांगतात, कारण रंगातली द्रावकं बाहेर पडायला वाट लागते.

वेळ कोणती?

या भागासाठी दोन वेळा महत्त्वाच्या. पहिली मे अखेर, मृगाच्या आधी. तेव्हा सीलंट लावलं तर पावसाचे चार महिने बरेचसे निघतात. दुसरी दसऱ्याच्या आधी. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला गाडीला हळद-कुंकू लागतं, झेंडूचा हार चढतो. पांढऱ्या गाडीवर ओल्या हळदीचा डाग राहिला की तो दिवाळीपर्यंत डोळ्यांत खुपतो. आधी वॅक्स असेल तर तो धुण्यात निघायची शक्यता जास्त. होळीच्या रंगालाही हेच लागू.

तिसरी काळजी माघ-फाल्गुनातली. मोहोर आलेल्या आंब्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा चिकट स्राव टपावर पडतो आणि त्यावर धूळ बसते. तो कोरडा खरवडू नये, ओल्या कापडाने भिजवून काढावा. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तसंच. ती आम्लयुक्त असते, भर उन्हात काही तासांत रंगावर खूण करते. वॅक्स अशा वेळी थोडा अवधी मिळवून देतं, कायमचं अभय नाही. दमणच्या किनाऱ्यावर दिवस घालवून आलेल्या गाडीवरचा खारा थरही त्याच दिवशी धुवावा.

मोडायच्या सवयी

सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकणं ही सगळ्यात महागडी सवय. धुळीत वाळूचे कण असतात, आणि उन्हात दिसणारं कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक ओरखड्यांचं जाळं त्यातूनच तयार होतं. धुळकट गाडीवर कव्हर घातलं तरी वाऱ्याने तेच होतं. डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवला की घटकाभर तकाकी येते, पण त्यावर दुप्पट धूळ चिकटते आणि रबर खराब होतं.

पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात म्हणजे वॅक्स शाबूत, अशी समजूत आहे. ती बऱ्याच अंशी खरी. धुतल्यावर पाणी थेंब न होता पसरून बसू लागलं की पुढच्या हाताची वेळ झाली. मात्र तेच थेंब उन्हात वाळले तर डागही तेच पाडतात.

उन्हापासून वॅक्स फार थोडं रक्षण करतं. तिथे खरा उपाय सावली. गाडी रोज आठ तास कंपनीच्या उघड्या आवारात उभी असेल तर महागातलं वॅक्स घेण्याआधी शेडखालची जागा मिळते का, हे विचारून पाहावं. त्याला पैसे लागत नाहीत आणि टपाच्या रंगाचं आयुष्य त्यानेच सगळ्यात जास्त वाढतं.