शुश्रूषा केंद्र कसं पारखावं

खुब्याचं हाड मोडलेल्या किंवा पक्षाघाताचा झटका आलेल्या वृद्धाला रुग्णालयातून सोडायचं, हे घरच्यांना बहुतेक वेळा एकदोन दिवस आधी कळतं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा-सून दोघंही नोकरीला, मुलगी बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीला. मग फोनाफोनी सुरू होते आणि जिथे खाट लगेच मिळते तिथे आईला किंवा बाबांना नेलं जातं. पुण्या-मुंबईत, नाशकात आता अशी केंद्रं पुष्कळ आहेत. काही फार मनापासून चालवलेली आहेत, काहींमध्ये माणसाची नुसती साठवण होते. बाहेरून दोन्हींचे फोटो सारखेच दिसतात.

अमेरिकेत अशा केंद्रांना सरकारच तारे देतं. २००८ च्या डिसेंबरपासून तिथलं जवळपास प्रत्येक नर्सिंग होम एक ते पाच ताऱ्यांत मोजलं जातं: तपासणीत काय सापडलं, कर्मचारी किती आणि रुग्णांची प्रकृती कशी राहिली, यांवरून. आपल्याकडे ही पारख कुटुंबालाच करावी लागते. ती करता येते आणि त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

अवेडिस डोनाबेडियन या वैद्यकाने १९६६ साली वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन बाजूंनी पाहायला सांगितलं: जागा आणि साधनं काय आहेत, रोजचं काम कसं होतं आणि त्यातून रुग्णाला काय मिळतं. केंद्र दाखवणारे लोक पहिलीच बाजू दाखवतात, कारण इमारत दाखवता येते. खरी परीक्षा दुसरीत आणि तिसरीत आहे.

इमारतीचं लवकर आटपू. वैद्यकीय शुश्रूषा देणाऱ्या केंद्राकडे १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालची नोंदणी आहे का, की ते फक्त संस्था किंवा ट्रस्ट म्हणून नोंदलेलं आहे, हे विचारा. अग्निसुरक्षेचा ‘फॉर्म बी’ जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा द्यावा लागतो, शेवटचा पाहायला मागा. लिफ्ट बंद असताना अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खाली कोण आणि कसं आणणार, हेही विचारा. बाथरूममध्ये आधाराचे दांडे हवेत, दार बाहेर उघडायला हवं, उंबरा नको. वीज गेली तर एअर बेड, ऑक्सिजनचं यंत्र आणि सक्शन कशावर चालतं? वापरलेल्या सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात पडतात की साध्या कचऱ्यात, एवढं पाहिलं तरी शिस्तीचा अंदाज येतो. पावसाळ्यात गेलात तर चादरी कुठे वाळतात ते बघा.

यानंतर घरच्यांनी आपापसात एक गोष्ट ठरवायला हवी: आपण माणसाला तिथे कशासाठी ठेवतोय? खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना पुन्हा चालतं करून घरी आणायचं असेल, तर फिजिओथेरपी जोरात चालणारी जागा हवी. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना मोकळं पण सुरक्षित अंगण हवं, तीच ती माणसं हवीत, ठरलेला दिनक्रम हवा. आयुष्याच्या अखेरीला आलेल्या माणसाला वेदना न होऊ देणारे हात हवेत. तिन्ही कामं उत्तम करणारं केंद्र क्वचितच सापडतं. ‘आमच्याकडे सगळं होतं’ असं ऐकलं की नेमकं विचारा, आमच्यासारखे रुग्ण सध्या किती आहेत आणि त्यांच्यापैकी एकाच्या घरच्यांशी बोलता येईल का?

आता रोजचं काम. कातडीपासून सुरुवात करा. झोपून असलेल्या माणसाचं वजन माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर येतं. हाड आणि गादीच्या मध्ये बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात, रक्त थांबतं आणि तिथलं मांस मरू लागतं. त्यात ओलं डायपर आणि आहारात प्रथिनांची कमतरता, म्हणजे बेडसोर ठरलेलाच. बोटाने दाबल्यावरही न जाणारी लाली ही त्याची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर ही लाली नीट दिसत नाही. तिथे ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते, कधी जांभळट दिसते, म्हणून नुसतं बघून भागत नाही, हात लावावा लागतो. शेवटच्या पायरीला जखम हाडापर्यंत जाते. वरून लहान दिसणारी जखम आत खूप मोठी असू शकते आणि ती भरायला महिने लागतात.

बेडसोर टाळायचा उपाय सगळ्या परिचारिकांना पाठ असतो. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, ओढत न नेता उचलून हलवायचं, टाचा उशीवर अधांतरी ठेवायच्या, कातडी कोरडी ठेवायची. एअर बेडमुळे दाब कमी होतो, पण कूस बदलायचं काम त्याने संपत नाही. म्हणून केंद्रात गेल्यावर कूस बदलल्याची नोंदवही मागा. दुपारी तीनला गेलात आणि रात्री आठपर्यंतचे रकाने आधीच भरलेले दिसले, किंवा चोवीस तासांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात असल्या, तर ते काम होत नाही असं समजा. दुसरा प्रश्न असा की सध्या तुमच्याकडे किती जणांना बेडसोर आहे आणि त्यातले किती जण तो घेऊनच आले होते? चांगल्या केंद्राला हा आकडा तोंडपाठ असतो, कारण प्रत्येक नव्या रुग्णाची कातडी ते दाखल करतानाच तपासून लिहून ठेवतात.

मग पाणी. उतारवयात तहान कमी लागते, आणि लागली तरी पक्षाघातानंतर हात ग्लासापर्यंत पोचत नाही. जिथे माणसं कमी, तिथे पाणी कमी पाजलं जातं, कारण पाणी पाजलं की डायपर बदलावं लागतं. याचे परिणाम म्हणजे बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, अचानक येणारा गोंधळ आणि बडबड. खाटेपाशी पाणी आहे का, ते हाताला येईल असं आहे का, ग्लासला दोन कान आहेत का, ओठ कोरडे आहेत का, हे बघायला दोन मिनिटं पुरतात.

जेवणाच्या वेळेलाच भेट द्या, आणि ती न सांगता द्या. पक्षाघातानंतर बऱ्याच जणांची गिळण्याची क्रिया बिघडते. अशा वेळी साधं पाणी सगळ्यात अवघड जातं, घट्टसर पेज किंवा मऊ गुरगुट्या भात त्यामानाने सोपा. माणसाला ताठ बसवून, लहान घास देऊन, पहिला गिळल्याची खात्री करून दुसरा द्यायचा, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. आडव्या माणसाच्या तोंडात भराभर चमचे जात असतील, खाताना ठसका लागत असेल, आवाज घोगरा, ओलसर होत असेल, तर अन्न श्वासनलिकेत उतरतंय आणि न्यूमोनिया दूर नाही. एक मावशी किती जणांना भरवते ते मोजा. नाकातून नळी घातलेले रुग्ण बरेच दिसले, तर प्रत्येकाला ती कशासाठी आहे आणि गिळण्याची तपासणी कोणी केली, हे विचारायला संकोच करू नका.

संडास-बाथरूमच्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. धरून धरून बाथरूमपर्यंत जाणाऱ्या माणसाला सोयीसाठी डायपर लावणं हे त्याचं चालणं काढून घेणं आहे. म्हाताऱ्या शरीरातलं बळ अंथरुणात फार झपाट्याने उतरतं आणि मेहनत करूनही सगळं परत येत नाही. ‘दिवसातून किती वेळा उठवून नेता?’ असं थेट विचारा. लघवीची नळीही तशीच. ती जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो. ती का घातली आणि कधी काढणार, हे केस पेपरवर लिहिलेलं असायला हवं.

पुनर्वसनाच्या नावाखाली बऱ्याच ठिकाणी शेक दिला जातो, करंटचं मशीन लावलं जातं आणि फिजिओथेरपिस्ट पुढच्या खाटेकडे जातो. उठणं, बसणं, खाटेवरून खुर्चीत जाणं, चार पावलं टाकणं यांची जागा ती मशीनं घेऊ शकत नाहीत. दिवसातला अर्धा तास व्यायाम आणि उरलेला वेळ अंथरूण, याला पुनर्वसन म्हणता येणार नाही. थेरपिस्टने सकाळी शिकवलेलं दुपारी चहाच्या वेळी सिस्टर आणि मावशी करून घेतात का, ते बघा. बटण लावणं, चमचा धरणं शिकवायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, बोलण्या-गिळण्यासाठी स्पीच थेरपिस्ट येतात का, आणि आठवड्यातून किती वेळा?

प्रगती मोजण्याचं एक सोपं साधन आहे, बार्थेल निर्देशांक. १९६५ पासून तो जगभर वापरात आहे. जेवण, आंघोळ, केस-दाढीसारखी निगा, कपडे घालणं, शौचावरचा ताबा, लघवीवरचा ताबा, संडासचा वापर, खाटेवरून खुर्चीत जाणं, चालणं, जिने चढणं, अशा दहा कामांना मिळून शून्य ते शंभर गुण. दाखल होताना तो काढला का? दर पंधरा दिवसांनी पुन्हा काढता का? घरी जायचा अंदाजे दिवस ठरवलाय का? पक्षाघातानंतर सुधारणेचा सगळ्यात मोठा वाटा पहिल्या काही महिन्यांत पडतो, त्यामुळे इथे वाया गेलेला आठवडा महाग पडतो. ‘हळूहळू होईल बरं’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

दोन गोष्टी दिसल्या तर पुढे बोलणीच करू नका. हात बँडेजने किंवा ओढणीने खाटेला बांधलेले असणं ही पहिली. नळी ओढतात, पडतात म्हणून बांधतो, असं सांगितलं जातं. पण बांधलेला माणूस धडपडून जास्त जखमी होतो, घाबरतो, आणि खचतो. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी न बांधलं जाण्याचा, औषधाने गुंगवून न ठेवलं जाण्याचा हक्क अशा रुग्णांना दिला. दुसरी गोष्ट म्हणजे सकाळी अकराला अख्खा मजला गाढ झोपेत असणं. झोपेच्या गोळ्या कोणाला, कोणत्या डॉक्टरांच्या सहीने आणि किती दिवस चालू आहेत, याचा कागद मागा.

हे सगळं रोजचं काम करतात त्या मावशी, सिस्टर, ब्रदर. परिचारिकेचं प्रशिक्षण एएनएमचं आहे की जीएनएमचं आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तिची नोंदणी आहे का, हे जरूर विचारा. त्याहून बोलका प्रश्न म्हणजे इथल्या मावशी किती वर्षांपासून आहेत? ब्युरोतून दर आठवड्याला नवी माणसं येत असतील, तर आजींना कोणती कूस दुखते, आजोबांना ऐकू कोणत्या कानाने येतं, हे कोणालाच माहीत नसतं. रात्री दोन वाजता या मजल्यावर जागं कोण असतं, नावानिशी विचारा. चादर ओढण्याआधी ‘आजी, कूस बदलूया का?’ असं कोणी म्हणतं का, अंग पुसताना पडदा ओढतात का, हे कान आणि डोळे उघडे ठेवले तर न विचारताही कळतं.

पडण्याबद्दलही विचारा. गेल्या महिन्यात कोण कोण पडलं? ‘आमच्याकडे कोणी पडत नाही’ असं सांगणाऱ्या ठिकाणी पडल्याची नोंदच होत नाही. चांगली जागा सांगते की दोघं पडले, एकजण पहाटे बाथरूमला जाताना, म्हणून आता पहाटे आम्हीच उठवून नेतो.

पैशांचं बोलणं लेखी हवं. महिन्याच्या रकमेत डायपर, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट, ड्रेसिंग, ॲम्ब्युलन्स यातलं काय येतं, काय वेगळं लागतं? रुग्ण मध्येच रुग्णालयात गेला किंवा दगावला तर डिपॉझिट किती दिवसांत परत? आरोग्य विम्यातून अशा दीर्घ मुक्कामाचा खर्च साधारणतः मिळत नाही, हे धरूनच हिशेब करा.

शक्य असेल तर आधी पंधरा दिवसांपुरतं ठेवून पाहा, आणि जागा ठरवताना ज्यांना तिथे राहायचं आहे त्यांना विचारा. बोलता येत नसलं तरी जागा दाखवा, चेहरा बघा. दाखल केल्यावर वेगवेगळ्या वेळी जात राहा. एकदा सकाळी सातला, एकदा रविवारी संध्याकाळी. परदेशातल्या मुलांनी व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा पाहून समाधान मानू नये. सिस्टरला विनंती करून टाचा, हात आणि पाण्याचा ग्लासही दाखवायला सांगावं, आणि दर महिन्याचं वजन लिहून मागवावं. कारण नसताना उतरणारं वजन बाकीच्या तक्रारींच्या आधी बोलतं. मारहाण, उपासमार, बांधून ठेवणं असं काही आढळलं, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. हा क्रमांक विनाशुल्क आहे.