उदासी किती दिवसांची, तेजी किती दिवसांची?

कर्जत-खालापूरच्या दवाखान्यांत ‘मी उदास आहे’ असं सांगत क्वचितच कोणी येतं. डोकं जड झालंय, अंगात कसकस आहे, जेवण जात नाही, पहाटे तीनलाच जाग येते, अशा तक्रारी असतात. सलाईन लावून घेतलं की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

अशा वेळी घरच्यांनी त्या माणसाची तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच्या स्वतःशीच करावी. लावणीच्या दिवसांत उजाडायच्या आत बांधावर असणारा गडी चिखलणी झाली तरी अंथरुणातच आहे का? पहाटेची लोकल कधी न चुकवणारी बाई आता आंघोळीचाही कंटाळा करते का? दिवसाचा बराचसा वेळ आणि जवळजवळ रोज मन खिन्न असणं किंवा कशातच रस न उरणं, त्याच्या जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता यांत बिघाड, ‘मी निरुपयोगी आहे’ असे विचार, आणि हे सगळं दोन आठवडे टिकणं, याला डॉक्टर नैराश्याचा आजार म्हणतात. पुरुषांत तो कित्येकदा चिडचिडीच्या आणि वाढत्या दारूच्या रूपाने दिसतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं पावसाच्या तोंडावर परततात. तोवर त्यांच्यातला हा बदल टिपायला गावातलं कोणी जवळ नसतं, म्हणून परतलेल्यांची विचारपूस आशाताईंनी आवर्जून करावी.

दुःख आणि आजार यांत मात्र गल्लत नको. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि ठाकर कुटुंबंच्या कुटुंबं गाडली गेली. मागे राहिलेल्यांनी रडावं, रात्र रात्र जागावं, यात आजार नाही. शोक लाटांसारखा येतो, मध्येच एखाद्या आठवणीने हसूही फुटतं. पण महिन्यांमागून महिने माणूस कामाला लागत नसेल, स्वतःलाच दोष देत असेल, तर दाखवायला हवं.

नैराश्याची निदान चर्चा तरी होते. त्याच्या उलटं टोक, म्हणजे तेजी किंवा मॅनिया, ओळखण्यात आपण हमखास चुकतो, कारण सुरुवातीला ती चांगलीच वाटते. माणूस तीन तास झोपून ताजातवाना असतो, अखंड बोलतो, मोठमोठे बेत आखतो, अडवलं की भडकतो. हे आठवडाभर चाललं तर तो स्वभाव नव्हे, आजार आहे. आपल्याकडे तर नाक्यानाक्यावर फार्महाऊसच्या प्लॉटचे दलाल उभे. तेजीतला माणूस एका दुपारी इसार घेऊन वडिलोपार्जित शेत लिहून देऊ शकतो. त्याला दवाखान्यात नेईपर्यंत जमिनीचे कागद आणि बँकेचं कार्ड विश्वासातल्या माणसाकडे ठेवणं शहाणपणाचं.

या दोन्ही टोकांचा आजार तो बायपोलर. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर काहींना तेजी चढते. म्हणून ‘पूर्वी कधी झोपेशिवाय उत्साहात होता का’ याचं उत्तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. रुग्णाला ते आठवत नाही किंवा सांगावंसं वाटत नाही. पहिल्या भेटीला घरचं माणूस बरोबर हवं ते याचसाठी.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात करता येते. थायरॉइड आणि रक्त तपासून घ्यावं, त्यांच्या बिघाडानेही माणूस मरगळतो. तिथून गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. नैराश्याच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ झाली म्हणून कित्येक जण त्या फेकून देतात. बरं वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात, त्यांची नशेसारखी सवय लागत नाही. लिथियम घेणाऱ्याने रक्ततपासणी चुकवू नये, उन्हात राबताना पाणी भरपूर प्यावं आणि डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणू नये. भगताचा अंगारा लावायचा तर लावा, पण गोळी थांबवू नका. आणि कोणी मारझोड करत असेल, उपाशी किंवा बांधून ठेवत असेल, तर तिथून माणसाला उठवून आणा.

उपचार मिळाले नाहीत तर गोष्ट कुठवर जाते, हे पाहायला लांब जायला नको. डॉ. भरत वटवानी आणि डॉ. स्मिता वटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचं केंद्र कर्जतमध्येच आहे. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना बरं करून ही संस्था त्यांच्या घरी पोचवते. याच कामासाठी डॉ. भरत वटवानी यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वाट चुकलेल्यांतले बरेच जण स्किझोफ्रेनियाचे असतात, पण बायपोलरचा माणूसही असाच घराबाहेर पडू शकतो.

‘जगून काय करू’ असं कोणी म्हणालं तर विषय बदलू नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरातलं कीटकनाशक लगेच हलवा, त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि धोका समोर असेल तर 108 ला फोन करून रुग्णालयात न्या. एरवी बोलायला टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. आजच तो घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये साठवून ठेवा.