विश्लेषण : मे महिन्यात गोठवलेला आमरस गणपतीत खावा का?

रत्नागिरीत हापूसचा हंगाम मेअखेर आटोपतो आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरचे फ्रीजर भरतात. आमरसाचे डबे, साफ केलेले बांगडे, सुरमईच्या तुकड्या, खवलेला नारळ. गणपतीला चाकरमानी आले की तळातला एखादा डबा वर निघतो आणि घरात वाद सुरू होतो. एक जण वास घेतो, दुसरा बोटावर चाखून बघतो. पण नाक आणि जीभ नेहमी खरे सांगतातच असे नाही.

गोठवल्याने जंतू मरतात का?

बहुतेक मरत नाहीत. उणे १८ अंश सेल्सिअसला त्यांची वाढ थांबते, एवढेच. पदार्थ वितळला की ते पुन्हा कामाला लागतात. दिवसभर ओट्यावर राहिलेला रस रात्री फ्रीजरमध्ये गेला, तर तो तेवढाच बिघडलेला बाहेर येणार. उलट ताजा रस लगेच गोठवला आणि उणे १८ अंश सतत टिकले, तर वर्षभरानंतरही तो सुरक्षित असतो. कमी होते ती चव.

मग अडचण कुठे आहे?

अडचण फ्रीजमध्ये आहे. एकदारी फ्रीजचा वरचा कप्पा बर्फ तयार करतो, पण उणे १८ पर्यंत जातोच असे नाही. त्यात बर्फासाठी दार दिवसातून दहादा उघडते. ओळखायची सोपी खूण म्हणजे आइस्क्रीम. ते तुमच्या कप्प्यात दगडासारखे घट्ट राहत नसेल, तर तिथला आमरस महिनोन्महिने ठेवण्याचा विचार सोडा.

रंग बदलला म्हणजे खराब झाला का?

नाही. कच्चा रस वरून काळपटतो, तो हवेमुळे. माशावर पांढरट, कोरडे डाग पडतात, कारण पाणी उडून जाते. खायला धोका नाही, पण तो भाग चिवट लागतो. खोबरे खवट होते. घाबरायचे ते वेगळ्या लक्षणांना. डब्याचे झाकण फुगले, रसावर फेस आला किंवा आंबूस वास सुटला, तर तो कधीतरी वितळून आंबला आहे. तो चाखूनही बघू नये.

माशांना जास्त जपायला का सांगतात?

बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात, ते उन्हात किंवा बर्फाविना राहिले तर, हिस्टामाइन तयार होते. ते खाल्ल्यावर तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते. हे हिस्टामाइन गोठवल्याने जात नाही, कडकडीत तळल्यानेही जात नाही. म्हणजे प्रश्न मासा फ्रीजरमध्ये किती दिवस होता हा नसून, जाळ्यातून फ्रीजरपर्यंत त्याला किती तास लागले हा आहे. तेलकट बांगडा आणि तारली चवीसाठी दोन-तीन महिन्यांतच संपवलेली बरी.

शिजवलेल्या पदार्थांचेही असेच. भात किंवा कालवण तासन्‌तास बाहेर राहिले, तर काही जंतू असे विष तयार करतात की पुन्हा उकळूनही ते टिकते. वासही येत नाही.

वीज गेली तर?

कोकणात खरा कस इथे लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगडच्या अनेक गावांत कित्येक दिवस अंधार होता. पुढच्याच वर्षी मे महिन्यात, ऐन आंब्याच्या दिवसांत, तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीजर दार न उघडता सुमारे ४८ तास गार राहतो, अर्धा भरलेला २४ तास. फ्रीजचा छोटा कप्पा त्याआधीच वितळतो. वीज आल्यावर पदार्थात बर्फाचे कण शिल्लक असतील, तर तो पुन्हा गोठवता येतो. पूर्ण वितळून कोमट झालेला मासा किंवा कालवण मात्र टाकून द्यावे.

तुम्ही मुंबईत आणि घर गावी बंद असेल, तर वीज कधी गेली आणि कधी आली हे कळणार कसे? जाण्यापूर्वी वाटीभर पाणी गोठवा आणि बर्फावर रुपयाचे नाणे ठेवा. परत आल्यावर नाणे तळाशी दिसले, तर मधे सगळे वितळले होते.

आता वितळवायचे कसे?

ओट्यावर नाही. आदल्या रात्री डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. सकाळपर्यंत रस सुटतो. मोठा डबा एकदाच गोठवण्यापेक्षा एका जेवणापुरते छोटे डबे करणे सोयीचे, म्हणजे उरलेला रस पुन्हा आत ठेवायची वेळ येत नाही. आणि झाकणावर मार्कर पेनने तारीख लिहावी. सप्टेंबरात तो डबा यंदाचा की गेल्या वर्षीचा, यावर घरात एकमत होणे अवघड असते.