आधी पाणी, मग बियाणं

जालन्याची देशभरातली ओळख बियाण्याची आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे ‘महिको’ या बियाणे कंपनीची स्थापना केली. त्याआधी त्यांनी बीजोत्पादनाचा श्रीगणेशा केला होता तो भेंडीपासून. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘पुसा सावनी’ हे वाण त्यांनी जालन्याच्या मातीत वाढवलं आणि त्याचं बी शेतकऱ्यांपर्यंत पोचवलं. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जाफराबाद तालुक्यात आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या पट्ट्यात शेडनेटखाली मिरची-टोमॅटोचं बी तयार होतं आणि इथून ते दूरदूरच्या शेतांत जातं.

अशा जिल्ह्यात घरची भाजी घरी पिकवण्याची हौस असणारी माणसं पुष्कळ आहेत. मृग लागला की बियाण्याच्या दुकानात शेतकऱ्यांच्या गर्दीत अशी काही मंडळीही दिसतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “घरी लावायला चांगलं बी कोणतं?” प्रश्न रास्त आहे, पण त्याची पाळी नंतर येते. जागा, ऊन, पाणी आणि माती यांचा हिशेब आधी झाला तर साधं बीही उत्तम भाजी देतं. तो हिशेब चुकला तर महागडं पाकीटही वाया जातं. म्हणून नवख्यांचे नेहमीचे प्रश्न इथे त्याच क्रमाने घेतले आहेत.

जागा किती हवी?

वाटते त्यापेक्षा कमी. चौघांच्या घरात आठवड्यातून दोनदा पालेभाजी करायची, तर एका वेळेला साधारण अर्धा किलो भाजी लागते, म्हणजे महिन्याला चार किलो. मेथीचा नीट जोपासलेला एक चौरस मीटरचा वाफा एका कापणीला सुमारे किलोभर भाजी देतो आणि पेरणीपासून महिनाभरात कापणीला येतो. म्हणजे सात फूट बाय आठ फूट, जवळपास पाच चौरस मीटर जागेत हिवाळ्यातली पालेभाजी भागते. मात्र सगळे वाफे एकाच दिवशी पेरू नयेत. दर आठवड्याला एक वाफा पेरला, तर पहिला संपेपर्यंत दुसरा तयार होतो.

जागेपेक्षा ऊन महत्त्वाचं. भेंडी, वांगी, टोमॅटो, मिरची या फळभाज्यांना दिवसाचं किमान सहा तास थेट ऊन हवं. पालेभाज्या तीन-चार तासांच्या उन्हातही येतात. जागा ठरवण्याआधी एक दिवस सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला जाऊन सावली कुठे पडते ते पाहावं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र गणित उलटतं. पारा चाळिशीपार गेला की दुपारचं ऊन पिकाला भाजून काढतं. तेव्हा वर शेडनेट बांधावं किंवा वाफा पूर्वेकडच्या, सकाळच्या उन्हाच्या जागेत घ्यावा.

पाणी कुठून आणायचं?

जालन्यात हा प्रश्न सगळ्यांत मोठा. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर, तोही लहरी. २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या उभ्या बागा वाळून गेल्या, हे इथे कुणी विसरलेलं नाही. पिण्याच्या पाण्याला टँकरची वाट पाहणाऱ्या घराने भाजी लावावी का? लावावी, पण घरातून वाया जाणारं पाणी मोजून, तेवढीच.

मोजायचं सूत्र सोपं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भरलेल्या वाफ्याला हिवाळ्यात दिवसाला तीन-चार मिलिमीटर पाणी लागतं, एप्रिल-मेमध्ये ते सात-आठपर्यंत जातं. म्हणजे पाच चौरस मीटरच्या बागेला हिवाळ्यात रोज १५ ते २० लिटर, उन्हाळ्यात ३५ ते ४० लिटर. आता आपल्या स्वयंपाकघरात एक बादली ठेवा. डाळ-तांदूळ धुतलेलं, भाज्या-फळं धुतलेलं, रात्रीचं उरलेलं पाणी तिच्यात साठवा आणि आठवडाभर रोज मोजा. जितके लिटर भरतील, त्याला हिवाळ्यात चारने आणि उन्हाळ्यात आठने भागा. जो आकडा येईल, तेवढ्या चौरस मीटरची बाग तुमचं घर पिण्याच्या पाण्याला हात न लावता पोसू शकतं. उन्हाळ्यात बाग निम्मी होते, ती होऊ द्यावी.

सगळंच सांडपाणी मात्र सारखं नसतं. धुण्याच्या पावडरीत सोडिअमचे क्षार असतात. आपली काळी माती आधीच चोपण होण्याकडे झुकणारी, हे पाणी तिला आणखी घट्ट करतं. साबणाचं पाणी कोथिंबीर-पालकाला कधीच घालू नये. न्हाणीचं पाणी जुन्या घरांत केळीला आणि परसातल्या झाडांना जायचं, ती रीत योग्यच होती. पाणी शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातही क्षार एकवटलेले असतात. ते रोज कुंडीत ओतलं तर काही महिन्यांत मातीवर पांढरा थर दिसू लागतो आणि पानांच्या कडा करपतात. ते फरशी पुसायला वापरावं.

पावसाचं पाणी हा दुसरा साठा. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६० हजार लिटर पाणी पडतं. थोडं वाया जाईल हे धरलं तरी आकडा मोठा आहे. एवढं साठवणं बहुतेकांना शक्य नाही, पण हजार लिटरची एक टाकी भरून ठेवली, तर पावसाने ओढ दिल्यावर पाच चौरस मीटरची बाग महिनाभराहून अधिक काळ तग धरते. उरलेलं पाणी गाळून बोअरच्या पुनर्भरणाला द्यावं.

पाणी वाचवण्याचे दोन उपाय तर जवळजवळ फुकटचे आहेत. पहिला आच्छादनाचा. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला तीन-चार बोटं जाडीने रोपांभोवती पसरला, की माती तापत नाही आणि ओल टिकते. दुसरा मडक्याचा. बिनझिलईचं मातीचं मडकं तोंडापर्यंत वाफ्यात पुरायचं, पाण्याने भरायचं आणि झाकण ठेवायचं. पाणी झिरपत मुळांपाशी जातं. वांगी, दोडका, कारलं यांना हे फार मानवतं.

जालना तालुक्यातल्या कडवंची गावाने हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र यांच्या साथीने गावाने आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं केली, शेततळी घेतली, आणि त्या पाण्याच्या भरवशावर द्राक्षबागा उभ्या केल्या. या कामाचे मार्गदर्शक विजयअण्णा बोराडे यांनी आयुष्यभर सांगितलेला हा क्रम अंगणातल्या वाफ्यालाही लागू पडतो.

आपली काळी माती चालेल ना?

जमिनीवरच्या वाफ्याला चालेल, कुंडीत नुसती चालणार नाही. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात ती ओल धरून ठेवते, हा तिचा गुण. कुंडीत मात्र तिचा गोळा होतो, पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. त्यामुळे कुंडीसाठी एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळलेल्या पाल्याचा चुरा किंवा कोकोपीट असं मिश्रण करावं. शेणखत कुजलेलंच हवं. ताज्या शेणाबरोबर हुमणी आणि वाळवी घरात येते. खत हातात घेतल्यावर त्याला शेणाचा वास न येता पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास यायला हवा.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वजनाचा विचार करायलाच हवा. ओल्या मातीचा अर्धा फूट जाडीचा थर एका चौरस मीटरवर अडीचशे किलोच्या आसपास भार टाकतो. त्यावर उत्तम उपाय कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने रुजवला: मातीचं प्रमाण अगदी कमी आणि कुजवलेला पालापाचोळा अधिक. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळं-भाज्या पिकवल्या, त्याही याच विचारातून. पालेभाज्यांना सहा इंच खोली पुरते, वांगी-टोमॅटोला एक ते सव्वा फूट हवी. कुंड्या विटांवर ठेवाव्यात, म्हणजे खाली पाणी साचून स्लॅबला ओल येत नाही.

कोणत्या महिन्यात काय लावायचं?

जून-जुलैमध्ये भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, तांदुळजा आणि कुंपणावर दोडका, कारलं, भोपळा. याच वेळी मिरची-वांग्याचं रोप टाकावं, ते चार-पाच आठवड्यांनी लावणीला येतं. कडेला तुरीची चार झाडं लावून ठेवावीत. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेले ‘बीडीएन’ मालिकेतले वाण आपल्याच हवामानासाठी तयार झालेले आहेत, आणि थंडीत सोल्यांच्या आमटीला दोन-चार वेळा पुरतील इतक्या शेंगा ही झाडं सहज देतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर, मुळा, गाजर, लसूण. नवख्या माणसाने सुरुवात याच हंगामात करावी. पाणी कमी लागतं, कीड कमी पडते आणि मेथी तीन-चार दिवसांत उगवून हुरूप देते. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन फाकी करून, रात्रभर भिजवून पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढा धीर धरावा. उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर जाते, म्हणून मार्चनंतर तिचा हट्ट सोडावा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत पुन्हा भेंडी, गवार, काकडी पेरता येते, पाण्याचा हिशेब बसत असेल तरच.

बी कोणतं घ्यायचं?

आता हा प्रश्न विचारायला हरकत नाही. संकरित बियाण्याचं उत्पन्न भरघोस आणि एकसारखं असतं, पण त्या पिकातून धरलेलं बी पुढच्या वर्षी तसंच पीक देत नाही, दरवर्षी नवं घ्यावं लागतं. सरळ किंवा गावरान वाणाचं बी घरी धरता येतं. टोमॅटो, चवळी, वाल, मेथी यांच्यापासून सुरुवात करावी, कारण ही पिकं बहुतांशी स्वपरागीत आहेत. दोडका-भोपळ्यात शेजारच्या वाणाशी संकर होतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी परसातून जपलेल्या गावरान बियाण्याची बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. संकरित बियाण्याच्या जिल्ह्यातल्या परसांतही गावरान वाणाचा एक वाफा असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

वाणाची निवड किती मोलाची असते, हे भेंडीच सांगते. ज्या पुसा सावनीपासून जालन्याची बियाण्याची वाट सुरू झाली, तिला पुढे पिवळ्या मोझॅकने ग्रासलं. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने तिचाच भेंडीच्या रानटी जातीशी संकर करून १९८५ साली ‘परभणी क्रांती’ हे रोगाला तोंड देणारं वाण दिलं. काळाच्या ओघात त्याचीही ताकद काही भागांत कमी पडली, नवी वाणं आली. म्हणून दुकानात गेल्यावर पाकिटावरची उगवणक्षमता आणि वैधतेची तारीख पाहा. गुलाबी, निळ्या रंगाच्या बियांना औषध चोळलेलं असतं. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि उरल्या तरी स्वयंपाकात वापरू नयेत.

कीड पडली तर?

पडणारच. मावा, तुडतुडे, पांढरी माशी पानांच्या मागच्या बाजूला असतात, म्हणून रोज पाणी घालताना पानं उलटून पाहावीत. सुरुवातीला दिसलेली कीड हाताने काढता येते किंवा पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाकता येते. न भागल्यास निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची, त्यात किंचित साबण मिसळायचा आणि संध्याकाळी फवारायचं. पिवळ्या मोझॅकचं किंवा बोकड्याचं झाड मात्र वाचवत बसू नये, उपटून टाकावं.

एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. कपाशीवर मारून उरलेलं औषध घरच्या भाजीवर कधीही फवारू नका. त्याची मात्रा आणि फवारणीनंतर थांबायचे दिवस वेगळ्या पिकासाठी ठरवलेले असतात, आणि घरची मेथी आपण सकाळी खुडून दुपारी मुलांच्या ताटात वाढतो.

हे सगळं परवडतं का?

पहिल्या वर्षी कुंड्या, खत, शेडनेट यांचा खर्च धरला तर बाजाराची भाजी स्वस्त वाटेल. दुसऱ्या वर्षापासून खर्च बियाण्यापुरता उरतो. पण लाभ रुपयांच्या पलीकडचाही आहे. उन्हाळ्यात पालेभाजी महागली की कष्टकरी घरांच्या ताटातून ती पहिल्यांदा जाते, आणि तिच्याबरोबर लोह आणि जीवनसत्त्वंही जातात. म्हणूनच राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानात महिला बचत गटांनी पोषण परसबागा उभ्या केल्या. घरातल्या बाईच्या आणि वाढत्या मुलांच्या अंगातलं रक्त वाढवणारी भाजी दाराशी असणं, हा हौसेचा नव्हे, आरोग्याचा विषय आहे.

काही अडलं तर खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि तालुक्याचं कृषी कार्यालय आहेतच. मात्र वीस कुंड्या आणि दहा प्रकारच्या बिया एकदम आणू नका. या आठवड्यात स्वयंपाकघरातली बादली मोजा आणि ऑक्टोबरमध्ये तेवढ्याच पाण्याचा एक वाफा मेथीचा करा. तो जमला की दुसरा वाढवा. देशाला बियाणं देणाऱ्या या जिल्ह्याच्या प्रत्येक घरात वाया जाणाऱ्या पाण्यावर निदान एक वाफा पिकावा, एवढं आपल्या सगळ्यांच्या आवाक्यात नक्कीच आहे.