विमानालाही लागतो तपासलेला काटा

बचत गटाच्या आपल्या कार्यक्रमात आज विषय जरा उंचावरचा आहे. पावसात, धुक्यात विमान खाली कसं उतरतं, ते आज समजून घेऊ या.

कुणी म्हणेल, "ताई, आम्ही एसटीनं फिरणाऱ्या बाया, आम्हाला विमानाचं काय?" पण बघा, आपल्या किती घरांतली मुलंमुली आज नोकरीसाठी लांब आहेत. उडान योजनेमुळे लहान शहरांतूनही विमानं सुटू लागली आहेत. त्यात आपलं माणूस बसतं, तेव्हा ते सुखरूप कसं उतरतं हे आपल्यालाही कळायला हवं.

उतरताना वैमानिकाला दोन गोष्टी नक्की माहीत असाव्या लागतात. पहिली, आपण धावपट्टीच्या सरळ रेषेत आहोत का? दुसरी, इतक्या अंतरावर आपली उंची बरोबर आहे का? आभाळ स्वच्छ असेल तर समोर धावपट्टी दिसते. पण ढग खाली आले, धुकं पडलं, की डोळ्यांचा उपयोग राहत नाही. त्यातही उंचीची चूक जास्त घातक. धावपट्टी यायच्या आधीच विमान फार खाली आलं, तर वाटेत टेकडी असते, टॉवर असतो.

मोठ्या विमानतळांवर यासाठी आयएलएस नावाची यंत्रणा असते. जमिनीवरून रेडिओ लहरी सोडतात. एक लहर सरळ रेषा दाखवते, दुसरी उतार दाखवते. हा उतार साधारण ३ अंशांचा असतो. म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की सुमारे ५ मीटर खाली. घाटातल्या सौम्य उतारासारखा. पण ही यंत्रणा महाग. धावपट्टीच्या ज्या टोकाकडून उतरायचं, त्या टोकाला ती वेगळी बसवावी लागते, पुन्हा पुन्हा तपासावी लागते. म्हणून अनेक लहान विमानतळांवर ती नाही. तिथे ढग खाली असले की विमान घिरट्या घालतं आणि शेवटी दुसऱ्याच शहरात जाऊन उतरतं.

मग आपल्या मोबाइलवरच्या नकाशासारखं जीपीएस वापरून विमान का उतरवू नये? जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,००० किलोमीटरवर फिरतात. त्यांचा सिग्नल यायला किती वेळ लागला, त्यावरून आपली जागा काढली जाते. पण वाटेत हवेच्या वरच्या भागात विजेचा भार असलेला एक थर आहे. सिग्नल तिथे रेंगाळतो आणि जागा काही मीटरनं चुकते. भारत विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे आपल्याकडे हा थर जास्तच चंचल असतो. शिवाय सगळे उपग्रह आपल्या डोक्यावरच्या बाजूला, पायाखाली एकही नाही. म्हणून डाव्या-उजव्या बाजूपेक्षा उंचीच्या मापात चूक जास्त होते. रस्त्यावर चार मीटर चुकलं तर आपण शेजारच्या दारात जाऊ. विमानाला असं चालत नाही.

आता आपला वजनकाटा आठवा. सोयाबीन विकताना काट्यावर शंका आली तर आपण काय करतो? शिक्क्याचं ५ किलोचं वजन ठेवून पाहतो. काटा ४ किलो ९०० दाखवत असेल, तर १०० ग्रॅमचा घोळ आहे हे लगेच कळतं. वजन खरं असल्याचं माहीत असतं, म्हणूनच काट्याची चूक सापडते.

आपल्या देशाची 'गगन' यंत्रणा अगदी हेच करते. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून ती उभारली. देशभरात १५ ठिकाणी तिची संदर्भ केंद्रं आहेत. त्यातलं एक आपल्या नागपूरला आहे, एक गोव्यात. केंद्राची खरी जागा अगदी बारकाईनं मोजून ठेवलेली असते. तेच आपलं शिक्क्याचं वजन. जीपीएस जी जागा सांगतं ती आणि खरी जागा यांतला फरक काढून तो बंगळुरूच्या मुख्य केंद्राकडे जातो. तिथून दुरुस्ती उपग्रहावर आणि उपग्रहावरून थेट विमानात. हा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो आणि आपल्याला आभाळात एकाच जागी थांबल्यासारखा असतो.

याहून मोलाचं काम दुसरं आहे. सिग्नल भरवशाचा राहिला नाही, तर गगन तसा इशारा काही सेकंदांत देते. चुकणारा काटा एक वेळ परवडतो. चुकत असून गप्प राहणारा काटा परवडत नाही.

उतरताना उंचीचंही मार्गदर्शन करायला गगनला एप्रिल २०१५ मध्ये मान्यता मिळाली. पुढे एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात अजमेरजवळच्या किशनगढ विमानतळावर इंडिगोचं एटीआर विमान गगनच्या आधारे उतरलं. ती चाचणी होती आणि विमानात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे अधिकारीही होते. या पद्धतीत वैमानिक जमिनीपासून साधारण २५० फुटांपर्यंत खाली येऊ शकतो. तिथेही धावपट्टी दिसली नाही, तर उतरायचं नाही, पुन्हा वर जायचं. गगन वापरलं तरी हा नियम बदलत नाही.

याला मर्यादाही आहेत. विमानात त्यासाठीचं उपकरण लागतं. जुन्या विमानांत ते बसवायचं म्हणजे कंपनीला खर्च. प्रत्येक विमानतळासाठी आजूबाजूच्या टेकड्या, इमारती मोजून उतरण्याचा मार्ग आखावा लागतो, मंजूर करून घ्यावा लागतो. आणि उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत फार क्षीण झालेला असतो. कुणी मुद्दाम त्यात अडथळा आणू शकतं, खोटा सिग्नलही सोडू शकतं. म्हणून मोठ्या विमानतळांवरची आयएलएस मोडीत काढून चालणार नाही. दोन्ही हाताशी असलेलं बरं.

गगनचा उपयोग विमानापुरता नाही. खोल समुद्रात मोबाइलची रेंज नसते. तिथे मच्छीमारांना वादळाचा इशारा पोहोचवण्यासाठी 'जेमिनी' नावाचं उपकरण २०१९ साली आलं. तेही गगनच्या उपग्रहावरून येणारा संदेश पकडतं. कोकणातल्या आपल्या कोळीण भगिनींनी आपल्या बोटीवर ते आहे का, हे घरात जरूर विचारावं.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही रोज नवीन यंत्रं येतात. दूध डेअरीवर फॅट मोजायचं मशीन, रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, बँक सखीकडचं मशीन. यंत्राला घाबरू नका आणि त्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. दोन प्रश्न विचारा. हे यंत्र कोण, कधी तपासतं? आणि ते चुकलं तर आम्हाला कसं कळेल? गटाच्या पुढच्या बैठकीत आपापल्या गावातल्या एका तरी यंत्राबद्दल हे दोन प्रश्न घ्या, आणि मिळालेली उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा.